दुसऱ्या दिवशीची फेरी

वामनराव चरडे यांच्याकडे जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर कामाला लागला, तर वामनरावांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. हे मी गमतीनं सांगत नाही. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत वीस-बावीस घरं. त्या सगळ्या घरांनी वामनरावांची ही समजूत वर्षानुवर्षं सांभाळून घेतली. त्या सांभाळून घेण्याचा शेवट आठवला की आजही माझ्या तोंडाची चव जाते.

काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग होती. अर्धा आठवडा तिकडे आणि अर्धा इकडे, असा त्यांचा संसार. उंच, रुंद माणूस. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ते कोणाशी बोलायला लागले की शेवटच्या घरातला माणूस रेडिओ बंद करायचा. मी त्यांना भाऊ म्हणायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर माझं मेडिकल आहे, आणि मागे घर. त्यामुळे भाऊंची स्कूटर दिवसातून चारदा तरी माझ्यासमोरून जायची.

दर हिवाळ्यात एका रविवारी ते सगळ्या गल्लीला बागेत रोडगे खायला न्यायचे. आम्ही सकाळच्या बसनं काटोलला उतरायचो, तिथून त्यांचा ट्रॅक्टर. बागेत आंब्याखाली गोवऱ्यांचा जाळ पेटलेला असायचा. कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, हातानं फोडायचे आणि वर तूप. सोबत वांग्याची भाजी, घट्ट वरण, ठेचा, आणि शेवटी गूळ-तुपात कुस्करलेला रोडगा. स्वयंपाक गडी करायचे, पण तुपाचा गडवा मात्र भाऊंच्या हातात. पंगतीत ते वाकून वाकून फिरत. कोणी पत्रावळीवर आडवा हात धरला तर हातावर तूप ओतत. एका वर्षी एका बँकवाल्या पाहुण्याच्या हातावर ओतलं, त्याच्या घड्याळासकट. तो बिचारा घड्याळ पुसत होता तेवढ्यात भाऊंनी त्याच्या पत्रावळीवर आणखी दोन रोडगे टाकले.

हे आग्रहाचं झालं. आग्रह करणारी माणसं विदर्भात पैशाला पासरी आहेत. भाऊंचं वेगळेपण दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं.

सोमवारी सकाळी आठला ते स्कूटरला संत्र्यांची पिशवी अडकवून निघायचे आणि घरोघरी जायचे. फाटकात उभं राहून विचारायचे, "कसं हाय?" घरचा माणूस अंथरुणात असला, पोटावर हात धरून बसलेला असला, निदान आंबट ढेकर देत असला, की त्यांचा चेहरा फुलायचा. मग ते आत येऊन बसत, संत्रं सोलून देत, ओव्याचं पाणी करायला सांगत, ऑफिसात जाऊ नका म्हणून दम देत. माणूस धडधाकट दिसला की मात्र त्यांचं तोंड उतरायचं. पिशवीतून संत्री काढून ओट्यावर ठेवायचे आणि न बसताच निघून जायचे. एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, त्यांचे वडील म्हणत, "आपल्या घरून जेवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तं आपण त्याले नाश्ता चारला म्हणा."

एका वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण इंजिनियर भाड्यानं राहायचा. तोही रोडग्यांना आला आणि मोजून दोन खाऊन उठला. सोमवारी भाऊ फेरीला निघाले तेव्हा हा पठ्ठ्या बूट घालून गल्लीत पळत होता. भाऊ स्कूटर थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी ते डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेले. उरलेले रोडगे, तूप, भाजी. समोर बसून त्याला खाऊ घातलं. मंगळवारी त्याला दोन उलट्या झाल्या आणि भाऊ माझ्या दुकानावर येऊन अर्धा तास आनंदानं बोलत बसले. त्या मुलाचं वाईट वाटून मी गोळ्या वर पाठवल्या. पण भाऊंना मी काहीच म्हटलं नाही. उलट हसलो.

त्यानंतर गल्लीनं सोपा मार्ग काढला. सोमवारी सगळेच आजारी पडायला लागले. कोणी ठरवून केलं नाही, पण झालं खरं. बायका सांगायच्या, हे सकाळपासून उठलेच नाहीत. पुरुष चादर ओढून पडायचे. भाऊ आले की "खरंच बरं नाही हो" असं कण्हत म्हणायचं, त्यांच्या हातचं संत्रं खायचं, आणि ते गेले की उठून आंघोळ करून ऑफिस गाठायचं. मी स्वतः डोक्याला पंचा बांधून पडलेलो आहे. भाऊ माझ्या उशाशी बसून म्हणाले, "जमलं मंग यंदा." त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला आनंद होतोय, आपलं काय जातं, असं आम्ही समजत होतो. त्या दहा मिनिटांच्या खोटेपणाचा आम्हाला थोडा अभिमानसुद्धा होता, हे कबूल करायला हवं.

आणि भाऊ वाईट माणूस नव्हते. माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात माझ्या सख्ख्या भावांपेक्षा ते जास्त बसले. त्यामुळेच तर त्यांना खरं सांगणं कोणाला जमलं नाही.

कोणाला म्हणजे, एक सोडून. पाठक सर.

पाठक सर निवृत्त गणिताचे शिक्षक. माझ्या समोरचंच घर. भाऊंचा मुलगा दहावीत गणितात अडकला होता तेव्हा सरांनी त्याला वर्षभर घरी शिकवून पार केलं, आणि गुरुदक्षिणा म्हणून संत्र्यांच्या दोन पेट्यांपलीकडे काही घेतलं नाही. त्यामुळे सरांच्या हातावर तूप ओतायची भाऊंची हिंमत नव्हती. सर दीड रोडगा खायचे, पत्रावळीवर हात धरायचे आणि भाऊ पुढे सरकायचे. सोमवारची फेरी नेहमी सरांकडे संपायची. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असत. "कसं हाय सर?" असं भाऊंनी विचारलं की ते चष्मा काढून शांतपणे सांगत, "उत्तम आहे, वामनराव. झोपही छान लागली." गल्लीत खरं बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याचंच खरं भाऊंना टोचायचं. मला ते म्हणायचे, "एक डाव सरले पाडीन गा मी. तवा माझं जेवण झालं म्हणीन."

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात भाऊंना साठावं लागलं. पंगतीत ते सरांच्या समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सर, साठ लागले मले. यंदा एक रोडगा माझ्या नावानं." सर हसले. त्यांनी एक जास्तीचा घेतला. मग दुसरा भाऊंच्या बायकोच्या नावानं आला, तिसरा मुलाच्या नावानं. मी सरांच्या शेजारीच होतो. शेवटी भाऊ गडवा घेऊन उभे राहिले. सरांचा हात पत्रावळीवर आडवा होता. भाऊ नुसते उभे होते. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. पंगतीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास सर दुकानावर आले. अंगावर शाल होती, आणि डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम होता. रस्ता ओलांडून आले तेवढ्यानं त्यांना दम लागलेला. काउंटरला धरून ते म्हणाले, "सुधाकर, पोट वर चढल्यासारखं झालंय. आणि हा डावा हात जड वाटतोय पहाटेपासून. काही देतोस का?"

पंचवीस वर्षं मी औषधं विकतोय. घाम, दम आणि डावा हात म्हणजे काय, हे मला शिकवावं लागत नाही. दुसरं कोणी आलं असतं, किंवा दुसरा कुठला वार असता, तर मी दुकानातून उडी मारून रिक्षा थांबवली असती. पण तो रोडग्यांचा सोमवार होता. त्या सकाळी माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस काही ना काही सोंग करतच यायचा. मी सोड्याची पुडी आणि गॅसच्या गोळ्या काढून दिल्या आणि म्हणालो, "सर, शेवटी तुम्हीही पडलात."

सरही हसले. "हो बाबा, पडलो," म्हणाले, आणि सावकाश परत गेले.

पाच मिनिटांत भाऊ आले आणि मी त्यांना बातमी दिली. मीच दिली. त्यांनी स्कूटर तिथेच सोडली. "सर पडले!" अशी त्यांनी गल्लीत आरोळी दिली, आणि अंथरुणातले सगळे आजारी लोक उठून सरांच्या व्हरांड्यात जमले. चहा झाला. सर खुर्चीत बसलेले, छातीच्या खाली हात दाबून धरलेला, चेहरा पिवळा. ते म्हणाले, "वामनराव, मला खरंच बरं वाटत नाहीये."

"आता कसं बोलले," भाऊ म्हणाले. "इतके वर्ष याचीच वाट पाहून राहिलो होतो मी."

सगळे हसले. आमच्यातल्या प्रत्येकानं 'खरंच बरं नाही' हे दर वर्षी म्हटलेलं होतं. सर ते पहिल्यांदा म्हणत होते, तरी कोणाच्या कानाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सरांनी पुन्हा एकदा तेच म्हटलं, आणखी हळू आवाजात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, डॉक्टरांना दाखवायचं का? भाऊ म्हणाले, "डॉक्टर काहून वहिनी? रोडगे हायेत ते, दुपारपर्यंत उतरते पोट." मग त्यांनी स्वतः ओवा-हिंगाचं पाणी करवून सरांना पाजलं, गरम पाण्याची पिशवी आणून पोटावर ठेवली आणि दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले. अतिशय प्रेमानं. मी तोवर दुकानात परतलो होतो. समोरच व्हरांडा दिसत होता. मध्ये दोनदा माझ्या मनात आलं की जाऊन हाताबद्दल सांगावं, घामाबद्दल सांगावं. दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं. खरं तर गिऱ्हाईक नसतं आलं तरी मी गेलो नसतो. इतक्या लोकांच्या हसण्यात जाऊन उभं राहायची मला लाज वाटत होती.

दुपारी दीडच्या सुमारास सर खुर्चीतून खाली घसरले.

धरमपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांना नेलं. गाडीत त्यांचं डोकं भाऊंच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून दुखतंय? काकू म्हणाल्या, पहाटेपासून. मग आणलं का नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही सात-आठ जण होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहायला लागला. हार्ट अटॅक पहाटेच आलेला होता, वेळेवर आले असते तर काही करता आलं असतं, एवढं सांगून डॉक्टर आत गेले. दिवेलागणीला सर गेले.

गल्लीनं त्यानंतर जे केलं ते लिहितानाही मला माझी आणि गल्लीची किळस येते. टाळ्या वाजवणारे, व्हरांड्यात चहा पिणारे, चादर ओढून कण्हणारे, सगळे आठ दिवसांत निर्दोष झाले. सगळ्यांनी बोट दाखवलं ते भाऊंकडे. त्यानंच जबरदस्ती केली, त्यानंच डॉक्टर नको म्हटलं, त्याला पहिल्यापासून वेडच होतं ते. दुकानावर येणारा प्रत्येक जण हे मला ऐकवायचा आणि मी मान हलवायचो. सर आधी माझ्याकडे आले होते, हे काकूंना माहीत होतं. पण ते काय बोलले, हे फक्त मला माहीत होतं. काकूंनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.

तेरवीला भाऊ आले आणि पंगतीत कोपऱ्यात बसले. काकू स्वतः वाढायला फिरत होत्या. त्यांनी भाऊंच्या पानात एक पोळी वाढली, चमचाभर तूप वाढलं, आणि पुढे गेल्या. परत येऊन आणखी घ्या म्हटलं नाही, कोणीच म्हटलं नाही. भाऊंनी तेवढी एक पोळी खाल्ली, पान उचललं आणि हात धुतले. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा ते अर्धपोटी उठले असतील.

रोडगे बंद झाले. फेरी मात्र बंद झाली नाही. उलट ती रोजची झाली. संत्र्यांच्या पिशवीत आता रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. भाऊ आधी माझ्याकडे येत आणि विचारत, "गॅसची गोळी आज कोणं नेली गा?" मी सांगितलं की त्या घरी जाऊन उभे राहत. कसं हाय, हात दुखते का, घाम येते का, डॉक्टरले दाखवलं का? महिन्याभरात लोक कंटाळले. मला बजावून गेले की आमची नावं त्यांना सांगू नका. खोकत असलेली माणसं फाटकापाशी येऊन "एकदम ठणठणीत, भाऊ" असं सांगायला लागली. पूर्वी धडधाकट माणसं त्यांच्यासमोर आजारी व्हायची, आता आजारी माणसं धडधाकट व्हायला लागली. भाऊ प्रत्येकाच्या तोंडाकडे खूप वेळ पाहत राहायचे. त्यांना कळत असावं.

त्यांनी मला मात्र कधीच काही विचारलं नाही. सर दुकानावर आले तेव्हा काय म्हणाले, एवढा एक प्रश्न ते विचारू शकत होते. मी दोन वर्षं त्याची वाट पाहिली आणि तो आला नाही म्हणून सुटकेचा निःश्वासही सोडला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. रिसेप्शनला मी पोटाचा विचार न करता खाल्लं. दुसऱ्या दिवशी उठलो तो छातीशी आलेली जळजळ, तोंडात आंबट पाणी, डोकं जड. बायको लग्नघरी मागचं आवरायला गेली होती. मी दुकान उघडलं नाही आणि घरात पडून राहिलो. नऊच्या सुमारास दारावर थाप पडली.

"सुधाकर, दुकान काहून बंद हाय गा?"

मी आतूनच म्हटलं, असंच, आज सुट्टी.

"कसं हाय?"

"ठणठणीत आहे, भाऊ."

 मग ते म्हणाले, "सर खरं सांगून राहिले होते, अन् मले ऐकू आलं नाही. तू तं सांगतच नाही." मग पायरीवर कोणी टेकल्याचा आवाज झाला. "बसतो मी इथं. काही लागलं तं आवाज दे."

मला काही झालेलं नव्हतं. घाम नव्हता, हात जड नव्हता. ती लक्षणं मला चांगली ठाऊक होती, भाऊंपेक्षा कितीतरी चांगली. त्यांना सांगण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती माझ्या पोटाची नव्हती. सरांनी आधी मला जड हाताचं सांगितलं होतं, आणि मला सगळं समजत असताना मी पुडी देऊन हसलो होतो. एवढं ऐकलं असतं तर साठी उलटलेल्या त्या माणसाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. बऱ्याच वेळानं मी उठलो. दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला. फटीतून त्यांची पाठ दिसत होती, मांडीवर ती पिशवी, आणि उन्हात बसल्यामुळे डोक्यावर ओढून घेतलेला दुपट्टा.

बाराला ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "जातो गा," म्हणाले. माझं फाटक त्यांनी नीट लावून घेतलं. मग रस्ता ओलांडून पाठक सरांच्या फाटकापाशी गेले. काकू मुलीकडे राहायला गेल्यापासून त्या घराला कुलूप होतं. तरी भाऊ तिथे थांबले, गजाला हात धरून, व्हरांड्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत. पुढच्याच आठवड्यात मुलगा त्यांना कायमचा काटोलला घेऊन गेला, आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्या दिवशी मात्र ते सरांच्या फाटकापासून निघाले तेव्हा मी कडीवरचा हात काढून घेतला आणि परत जाऊन पडलो.